ग्लॉस्टर गावची बँक आणि तिच्या नोटा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लढाया, तह आणि राज्यारोहणे उभी राहतात. पैशाचा इतिहास हा मात्र व्यापाऱ्यांचा आणि हिशेबनिसांचा विषय, असे बहुतेकांना वाटते. परंतु ज्या वस्तूला आपण दिवसातून दहादा हात लावतो, जिच्यासाठी घाम गाळतो आणि जिच्या भरवशावर मुलांचे शिक्षण, घर आणि म्हातारपणची सोय ठरवतो, त्या वस्तूचा इतिहास सर्वांचाच आहे. म्हणून आज आम्ही एका लहानशा गावातील एका लहानशा बँकेची हकीकत श्रोत्यांपुढे मांडण्याचे योजिले आहे. ही बँक अवघी पाच वर्षे जगली. ती आपल्या देशातली नव्हती. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या सर्वांत चिमुकल्या राज्यातली होती. गावाचे नाव ग्लॉस्टर आणि बँकेचे नाव फार्मर्स एक्स्चेंज बँक, म्हणजे शेतकऱ्यांच्या देवघेवीची बँक. १८०९ साली ती बुडाली आणि अमेरिकेच्या इतिहासात बुडालेली पहिली बँक असा तिचा लौकिक झाला. त्या लौकिकाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हकीकतीतूनच निघावे अशी आमची इच्छा आहे.

प्रथम काळ आणि परिस्थिती समजून घेऊ. १८०४ सालची अमेरिका आजच्यासारखी संपन्न नव्हती. इंग्रजांनी तिचे स्वातंत्र्य मान्य केल्याला जेमतेम वीस वर्षे झाली होती. सरकारी कागदी नोट त्या देशात नव्हतीच. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत काँग्रेसने भाराभर नोटा छापल्या होत्या आणि त्या मातीमोल झाल्या होत्या. तो चटका लक्षात ठेवून घटनाकारांनी राज्यांना कागदी चलन काढण्याची मनाई केली. टाकसाळ निघाली होती, पण तिची नाणी थोडी. बाजारात स्पॅनिश डॉलर फिरत, तेही पुरेसे नसत. शेतकऱ्याला गाय विकायची आहे, लोहाराला लोखंड घ्यायचे आहे, दुकानदाराला बॉस्टनहून माल आणायचा आहे, आणि नाणे कोणाच्याच हाती नाही, अशी अवस्था होती. मग व्यवहार चालायचा कसा?

तो चालला बँकांच्या नोटांवर. राज्याचे विधिमंडळ एखाद्या मंडळीला बँकेची सनद देई. भागीदार सोन्या-चांदीत भांडवल भरीत आणि बँक आपल्या नावाच्या नोटा काढी. ही नोट म्हणजे एक वचनचिठ्ठी असे. ‘ही चिठ्ठी जो कोणी आमच्या दारात आणील त्याला मागताक्षणी इतके डॉलर रोख देऊ,’ एवढाच तिचा अर्थ. खाली अध्यक्षाची आणि कॅशियरची शाईने केलेली सही. बँक कर्जदाराला रोख नाणे देत नसे, या नोटा देई, आणि त्यांवर व्याज घेई. पेटीत जेवढे नाणे असेल त्याहून अधिक रकमेच्या नोटा बाहेर असत. यात मुळात काही लबाडी नाही. सगळे लोक एकाच दिवशी नाणे मागायला येत नाहीत, हा अनुभव जगभरच्या सावकारांना होता. मर्यादा राखली तर अशा कागदाने ओसाड गावांत गिरण्या उभ्या राहतात आणि राखली नाही तर काय होते, ते पुढे दिसेलच.

येथे बट्ट्याची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गावची नोट गावात पुऱ्या किमतीला चाले. तीच नोट पन्नास मैलांवरच्या शहरात गेली की सराफ तिच्यावर बट्टा कापी; कारण ती वटवायची तर कोणीतरी घोडा जोडून त्या गावी जायला हवे. आता बँकेच्या बाजूने विचार करा. नोट जितकी दूर जाईल तितकी ती उशिरा परत येईल, आणि ती परत येईपर्यंत बँकेला नाणे काढावे लागत नाही. म्हणजे ज्या अंतरामुळे नोट घेणाऱ्याचे नुकसान होई, त्याच अंतराने बँकेचा लाभ होई. आपल्या पेठांतून पूर्वी हुंडी चाले, तेव्हा हुंडी लिहिणारी आणि ती सकारणारी पेढी व्यापाऱ्यांना ठाऊक असे. नोट मात्र परक्याच्या हातून परक्याच्या हाती जाई. वचन देणारा कोण, हे घेणाऱ्याने कधी पाहिलेलेच नसे. ग्लॉस्टरची सगळी कथा या एका फटीतून शिरते.

ग्लॉस्टर हा ऱ्होड आयलंडच्या वायव्य कोपऱ्यातला खडकाळ शेतीचा मुलूख. प्रॉव्हिडन्स शहर तेथून पंधरा-सोळा मैल, बॉस्टन पन्नासएक मैल. चेपाचेट हे त्यातले मुख्य खेडे. १८०४ च्या फेब्रुवारीत या गावच्या बँकेला सनद मिळाली. भांडवल एक लाख डॉलर. पन्नास डॉलरांचा एक असे दोन हजार भाग. रक्कम सोन्या-चांदीत हप्त्याहप्त्याने भरायची, असे ठरले. शेतकऱ्याच्या दाराशी पतपेढी येणार, शहरच्या व्यापाऱ्यापुढे हात पसरावे लागणार नाहीत, असा आनंद गावाला झाला असल्यास त्यात नवल नाही. परंतु पहिल्याच पावलाला ठेच लागली. संचालकांनी पहिला हप्ता भरला खरा, पण पुढच्या हप्त्यांसाठी त्यांनी बँकेतूनच कर्जे उचलली. डाव्या खिशातले उजव्या खिशात गेले. कागदोपत्री भांडवल भरत गेले. प्रत्यक्षात ते वीस हजार डॉलरांच्या आतच राहिले. पुढील अनर्थाचा दोष आपण एका माणसाच्या माथी मारणार आहोत. त्याआधी हे पाहून ठेवावे की तो माणूस येण्यापूर्वीच गावच्या प्रतिष्ठितांनी भिंतीला भगदाड पाडून ठेवले होते.

तो माणूस म्हणजे अँड्र्यू डेक्स्टर. जन्म १७७९ चा, शिक्षण ऱ्होड आयलंडमधल्याच कॉलेजात, व्यवसायाने वकील, घराणे नामांकित. त्याचे चुलते सॅम्युएल डेक्स्टर हे अमेरिकेचे अर्थमंत्री होऊन गेलेले. तरुण डेक्स्टर बॉस्टनमध्ये एक्स्चेंज ऑफिस या संस्थेच्या कारभारात शिरला. दूरदूरच्या गावांच्या बँकांच्या नोटा बट्ट्याने घेणे आणि पुन्हा चलनात सोडणे, हा या संस्थेचा धंदा. तेथे बसून त्याला उमगले की नोटांच्या या व्यवहारात अंतर म्हणजेच पैसा. मग ज्या बँका दूर आहेत त्यांच्यावरच त्याने ताबा मिळविण्याचा सपाटा लावला. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाच्या पिट्सफील्ड गावची बर्कशायर बँक आणि शेकडो मैलांवरच्या जंगलमुलखातली डेट्रॉइट बँक यांत त्याने हातपाय पसरले. १८०८ साली ग्लॉस्टरच्या संचालकांचे भागही त्याने विकत घेतले आणि त्या खरेदीचा पैसाही बँकेच्याच पेटीतून गेला.

डेक्स्टरला हा पैसा कशासाठी हवा होता? चैनीसाठी हवा होता असे म्हणता येत नाही. त्याला बॉस्टनमध्ये व्यापाऱ्यांसाठी एक भव्य वास्तू उभारायची होती. एक्स्चेंज कॉफी हाउस असे तिचे नाव. अशर बेंजामिन हा वास्तुकार, सात मजले, वर घुमट, आत व्यापारी सभागृह, भोजनगृहे आणि उतारूंच्या खोल्या. त्या काळी अमेरिकेत एवढी उंच इमारत क्वचितच होती. १८०६ साली काम सुरू झाले. खर्च फुगत गेला आणि मजुरांपासून लाकूडवाल्यापर्यंत सर्वांची देणी नोटांनी भागविली जाऊ लागली.

ग्लॉस्टरची बँक ही आता त्याच्या लेखी नोटांची खाण झाली. तो बॉस्टनमधून पत्रे पाठवी आणि गावात कॅशियर विल्यम कोलवेल नोटांवर सह्या करीत बसे. नंतरच्या चौकशीत ही पत्रे बाहेर आली. त्यांतला आशय असा की सह्या करण्याचे काम थांबू देऊ नये. ते आडोशाला बसून, शक्य तर रात्री करावे, म्हणजे लोकांच्या मनात किंतू येणार नाही. या नोटांच्या बदल्यात डेक्स्टर बँकेला आपले कर्जरोखे देई. त्या रोख्यांतली एक अट अशी होती की डेक्स्टरला स्वतःला योग्य वाटेल तेव्हाच त्याने पैसे फेडावे. कारण तोच मुख्य भागधारक असल्यामुळे फेडीची योग्य वेळ त्यालाच उत्तम कळणार! आमच्या वाचनात कर्जरोख्याचा इतका निर्लज्ज मसुदा दुसरा आलेला नाही. ऋणकोही तोच, धनकोही तोच आणि मुदत ठरविणाराही तोच. कोलवेलसारखा गावचा कारकून पत्रे वाची, शाई संपेपर्यंत सह्या करी आणि गठ्ठे बांधून बॉस्टनला धाडी. त्याने एकदा जरी पेन खाली ठेवले असते तरी पुष्कळ लोक वाचले असते. पण धनी शहरचा, मोठ्या घराण्यातला आणि सुशिक्षित. त्याला नाही म्हणण्याचे धैर्य गावात कोणी दाखविले नाही.

या नोटा दिसायला कशा होत्या, हेही सांगण्यासारखे आहे. त्या काळी बनावट नोटांचा सुळसुळाट होता. त्यावर जेकब पर्किन्स नावाच्या कल्पक कारागिराने उपाय काढला होता. कठीण पोलादी ठशांवर इतकी बारीक आणि इतकी एकसारखी अक्षरे कोरायची की लुच्च्याला त्यांची नक्कल साधू नये. ग्लॉस्टरच्या १८०८ सालच्या नोटा याच पद्धतीच्या. म्हणजे नोट हाती आली की माणूस ती उजेडात धरून निरखी, अक्षरे बारीक आहेत, सह्या खऱ्या आहेत, असे पाहून निश्चिंत होई. नोट खरीच होती. खोटी होती ती तिच्यामागची पेटी. बनावट नोट ओळखण्याची विद्या लोक शिकले होते. पण अस्सल नोट रिकाम्या पेटीवर काढलेली आहे, हे कोणत्या भिंगातून दिसणार?

लोकांनी अशा नोटा घेतल्या तरी कशा, असे आज विचारणे सोपे आहे. आम्ही त्यांना भोळे म्हणणार नाही. १८०७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सरकारने परदेशी व्यापारावर बंदी घातली. न्यू इंग्लंडच्या बंदरांतील जहाजे धक्क्याला बांधली गेली, नाविक बेकार झाले, नाण्याची टंचाई आणखी वाढली. अशा वेळी मजुराला शनिवारी हाती पडेल तो कागद घ्यावा लागतो. एक, दोन, पाच डॉलरांच्या या नोटा मुख्यतः त्यांच्याच हातात फिरल्या, ज्यांना ‘ही नको, दुसरी द्या’ असे म्हणण्याची सोय नव्हती. शिवाय कालच ती नोट वाण्याने घेतली होती, आजही तो घेईल, एवढा पुरावा सामान्य माणसाला पुरतो. आपणही रोज त्याच पुराव्यावर चालतो.

शेवटी बॉस्टनच्या व्यापाऱ्यांचा धीर सुटला. गावोगावच्या बँकांच्या नोटांचे गठ्ठे करून ते त्या त्या गावी धाडायचे आणि रोख मागायची, असा क्रम त्यांनी सुरू केला. नोट वटविण्याचे हे साधे, हक्काचे काम. पण ग्लॉस्टरला ते संकट वाटले. येणाऱ्याला जेवढे ताटकळत ठेवता येईल तेवढे ठेवावे, नाणी सावकाश मोजावी, अशी धन्याची सूचना होती. नाणी मोजण्यातला हा संथपणा किती दिवस पुरणार? १८०९ च्या मार्च महिन्यात बँकेचे दार बंद झाले. राज्याच्या विधिमंडळाने चौकशी समिती नेमली. समितीने पेटी उघडली तेव्हा आत रोख नाणे सापडले छ्याऐंशी डॉलर आणि काही सेंट. बाहेर लोकांच्या हाती बँकेच्या नोटा होत्या पाच लाख डॉलरांहून अधिक. एका खऱ्या डॉलरमागे पाच हजारांवर कागदी डॉलर, असे ते प्रमाण पडते.

डेक्स्टर कॅनडाच्या बाजूला, नोव्हा स्कोशियात पळून गेला. बर्कशायर बँकही त्याच वर्षी कोसळली. ज्यांच्याजवळ नोटा उरल्या त्यांच्या हाती रद्दी राहिली. चाणाक्ष सराफांनी बट्टा वाढताच आपल्या जवळच्या नोटा पुढे ढकलल्या होत्या. त्या शेवटी ज्याच्या मुठीत राहिल्या तो बहुधा बातमी सर्वांत उशिरा कळणारा माणूस. कागदी पैशाच्या प्रत्येक बुडीत असेच घडते, ही गोष्ट आम्हांला या इतिहासात सर्वांत जड वाटते. नफा कारभाराच्या खोलीजवळ राहतो आणि तोटा चालत चालत सर्वांत दूरच्या झोपडीपर्यंत जातो.

आता कोणी म्हणेल, मग कागदी पैसाच वाईट. हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. त्याच न्यू इंग्लंडमध्ये शेकडो गावच्या बँकांनी सचोटीने नोटा काढल्या आणि त्यांच्या बळावर सुताच्या गिरण्या, रस्ते, कालवे झाले. दोष कागदाचा नव्हता. वचन देणाऱ्याला जाब विचारणारा कोणी नव्हता, हा दोष होता. आणि अमेरिकेने पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत जे उपाय शोधले ते सगळे हा जाब विचारण्याचे उपाय होते, हे पाहण्यासारखे आहे. मॅसॅच्युसेट्सने १८१० पासून, मागताक्षणी नोट न वटविणाऱ्या बँकेवर दरमहा दोन टक्के दंड बसविला. बॉस्टनच्या सफोक बँकेने पुढे अशी व्यवस्था उभारली की गावच्या बँकांनी तिच्याजवळ ठेव ठेवावी आणि तिने त्यांच्या नोटा पुऱ्या किमतीला घ्याव्या. अंतराचा फायदा त्यामुळे पुष्कळसा संपला. १८६३ साली राष्ट्रीय बँकांचा कायदा झाला. त्यानंतर गावच्या बँकेला नोटा हव्या असल्या तर तिने आधी सरकारी कर्जरोखे वॉशिंग्टनला तारण ठेवायचे. नोटेवर गावाचे नाव असे, स्थानिक अध्यक्षाची आणि कॅशियरची सही असे, पण बँक बुडाली तरी नोटेचे पैसे सरकारी तिजोरीतून मिळत. जुन्या पद्धतीच्या नोटांवर १८६५ च्या कायद्याने दहा टक्के कर बसवून त्या चलनातून हुसकल्या गेल्या. गावच्या नावाच्या राष्ट्रीय नोटा १९३५ पर्यंत निघत राहिल्या.

आपल्याकडे हा धडा निराळ्या वाटेने आला. बंगाल, मुंबई आणि मद्रास येथील इलाखा बँकांना पूर्वी नोटा काढण्याचा अधिकार होता. १८६१ च्या कायद्याने तो सरकारने आपल्याकडे घेतला. पुढे अमेरिकेतल्याच यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचे वेड शिगेला पोहोचले आणि १८६५ साली युद्ध संपताच तो डोलारा कोसळला. त्या पडझडीत सापडलेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली मोडली. भागधारकांचे हाल झाले. परंतु नोट तोवर त्या बँकेची राहिलेली नव्हती. म्हणून एखाद्या शेतकऱ्याने धोतराच्या कनवटीला बांधलेली नोट मुंबईच्या सट्ट्यापायी रद्दी झाली नाही. ग्लॉस्टरच्या शेतकऱ्याला जे संरक्षण मिळाले नाही ते असे एका कायद्याने मिळाले.

तथापि यावरून आपण निश्चिंत व्हावे असे नाही. नोटांचा अधिकार गेला, पण बँकेचे वचन गेले नाही. त्याने केवळ रूप बदलले. पूर्वी जे वचन नोटेवर छापलेले असे ते आता ठेवीच्या पावतीवर आणि खात्यातल्या आकड्यात असते. १९६० साली लक्ष्मी बँक आणि केरळातील पालई सेंट्रल बँक बुडाल्या तेव्हा ठेवीदारांचे अश्रू सर्व देशाने पाहिले. त्यातूनच १९६२ च्या आरंभी ठेवींच्या विम्याची योजना सुरू झाली. आरंभी मर्यादा होती दीड हजार रुपयांची. २०२० साली ती पाच लाखांवर नेण्यात आली. हा विमा म्हणजे चौकीदार आहे. पण चौकीदार ठेवला म्हणून घरच्या माणसांनी दार सताड उघडे टाकून झोपू नये.

आता पात्रांचे पुढे काय झाले ते सांगून हे विवेचन संपवितो. एक्स्चेंज कॉफी हाउस १८०९ साली पुरे झाले आणि १८१८ च्या नोव्हेंबरात आगीत जळून खाक झाले. डेक्स्टर पुढे दक्षिणेत अलाबामात गेला, तेथे जमीन घेऊन त्याने नवे गाव वसविले आणि १८१९ साली ते शेजारच्या वस्तीशी मिळून माँटगोमेरी शहर झाले. राज्याची राजधानी कधीतरी येथे येईल अशा आशेने त्याने एक टेकडी राखून ठेवली होती. १८४६ साली राजधानी खरोखर तेथे आली. पण डेक्स्टर १८३७ मध्येच मोबील शहरी पीतज्वराने वारला होता. त्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचे नाव आहे. याच डेक्स्टर ॲव्हेन्यूवरच्या चर्चमध्ये १९५४ पासून मार्टिन ल्यूथर किंग धर्मोपदेशक होते. शहरांना त्यांचे संस्थापक आठवतात. ग्लॉस्टरच्या नोटा ज्यांच्या हाती राहिल्या त्यांची नावे मात्र कोणत्याही रस्त्याला नाहीत. त्या नोटांपैकी पुष्कळ आजही शिल्लक आहेत आणि संग्राहक त्या हौसेने पैसे मोजून विकत घेतात. बँक जिवंत असताना ज्या कागदाला शेवटी कोणी विचारीना, त्याला तिच्या मृत्यूनंतर गिऱ्हाईक मिळाले!

श्रोतेहो, आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आज बँक आहे, पतसंस्था आहे. त्यांतल्या कित्येकांचे आपण सभासद आहोत. वार्षिक सभेची नोटीस येते, अहवाल येतो, आणि तो आपण न वाचताच बाजूला ठेवतो. ग्लॉस्टरच्या गावकऱ्यांपैकी एकाने जरी भर सभेत उभे राहून विचारले असते की भांडवल खरोखर भरले गेले आहे काय, सर्वांत मोठा कर्जदार कोण आहे आणि तो संचालकांपैकीच तर नाही ना, तर ही हकीकत सांगण्याची वेळ आली नसती. हे तीन प्रश्न विचारायला अर्थशास्त्र यावे लागत नाही. उभे राहण्याचे धैर्य मात्र लागते, आणि शेजारी बसलेल्याने सदरा ओढून खाली बसविले तरी उत्तर मिळेपर्यंत न बसण्याचा थोडा हट्ट.